राजगडावरचा वारा आणि माझा माइक

गेल्या वर्षी जानेवारीत राजगडावर एका मावशींशी मी चाळीस मिनिटं बोलत बसले होते. त्यातलं एकही वाक्य आज माझ्याकडे धड नाही.

मी पुण्यात एका बँकेत नोकरी करते आणि शनिवार-रविवार गडांवर जाते. गडांचा इतिहास सांगणारे व्हिडिओ मराठीत पुष्कळ आहेत, चांगलेही आहेत. मला ऐकायची असतात ती गडाच्या अंगाखांद्यावर राहणारी माणसं. ताक-सरबत विकणाऱ्या बायका, गुरं घेऊन वर येणारे धनगर, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी करून देणारी घरं. त्यांच्याशी गप्पा मारायच्या, त्यांना विचारून मोबाइलवर चित्रीकरण करायचं आणि घरी येऊन जोडणी करायची, असं दीड वर्ष चाललं होतं.

त्या दिवशी गुंजवण्यातून चोरदरवाज्याच्या वाटेने पद्मावती माचीवर पोचले, तर मावशी आधीच येऊन बसलेल्या. पहाटे चारला उठून, भाकऱ्या थापून, ताकाची कळशी डोक्यावर घेऊन त्या रोज ती चढण चढतात. त्या वाटेवर शेवटी कातळात रेलिंगला धरून चढावं लागतं. रिकाम्या हाताने चढतानाही माझी छाती भरून येते. मावशी त्यांच्या सासूबाईंबद्दल सांगत होत्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा गडावर आल्या तेव्हाचं काहीतरी, आणि पाण्याच्या टाक्याबद्दल काहीतरी. ‘काहीतरी’ असं लिहिताना मला वाईट वाटतं, पण तेवढंच आठवतंय. मोबाइल तिवईवर लावलेला होता, मी निर्धास्त होते. सगळं टिपलं जातंय असं धरून चालले होते.

रात्री घरी हेडफोन लावला तर नुसती फडफड. वारा थेट मोबाइलच्या तळाशी असलेल्या माइकच्या भोकात घुसत होता. मधेच वारा पडला की ‘सासूबाईंनी मला’ एवढं ऐकू यायचं, आणि पुन्हा भस्सकन सगळं बुडून जायचं. आवाज साफ करणारी दोन-तीन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. त्यांनी फडफड कमी केली, पण मावशींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. वाऱ्याचा झोत माइकच्या पडद्यावर आदळला की आवाजाचा आलेख वरखाली सपाट कापला जातो. त्या क्षणी माइकने बोलणं नोंदलेलंच नसतं, मग ते परत आणणार कुठून? शिवाय मोबाइल आवाजाची पातळी आपली आपण कमीजास्त करत असतो. वारा वाढला की तो सगळंच दाबतो, त्यात माणूसही दाबला जातो. चित्र मात्र स्वच्छ होतं. मावशींच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं, हातातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या, ओठ हलत होते.

त्याच रात्री ठरवलं की आता साधन नीट निवडायचं. त्यासाठी ६० हजार रुपये बाजूला काढलेले होते.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी कॅमेऱ्यापासूनच सुरुवात केली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तर स्वतःचा डीएसएलआर पंधरा दिवस वापरायला दिला. लेन्ससकट सव्वा किलोच्या आसपास वजन. तो गळ्यात अडकवून तोरण्याला गेले. चढताना तो दर पावलाला छातीवर आपटत होता, ते एक वेळ सोसलं असतं. खरी अडचण खाली वेल्ह्यात कळली. ज्या काकांशी मी याआधी दोनदा मोबाइल समोर ठेवून मोकळेपणाने बोलले होते, ते मोठा कॅमेरा बघताच उठले, आत जाऊन धुतलेली टोपी घालून आले आणि हात मांडीवर ठेवून ताठ बसले. बोलणं शाळेत उत्तर दिल्यासारखं. मी कॅमेरा पिशवीत टाकला तेव्हा कुठे ते नेहमीसारखं बोलायला लागले. समोरच्या माणसाला कॅमेऱ्याचं दडपण येता कामा नये, ही माझी पहिली अट तिथे पक्की झाली. साधनांची तुलना करणाऱ्या कुठल्याच तक्त्यात हा रकाना नसतो.

मग मी उलट्या बाजूने निघाले. आधी आवाज, मग चित्र.

पहिली खरेदी हजाराच्या आतली, बोया बीवाय-एम१ हा कॉलरला लावायचा वायरवाला माइक. याने मला खूप शिकवलं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. माइक जितका तोंडाजवळ तितका माणूस स्पष्ट, हे सगळ्यांना माहीत असतं, पण फरक किती पडतो याचा अंदाज नसतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. मोबाइल माणसापासून पाच फुटांवर असतो आणि कॉलरचा माइक एका वितीवर. म्हणजे जवळजवळ तीनदा दुप्पट, अठरा डेसिबलच्या आसपासचा फरक. आजूबाजूचा वारा, पाखरं, दुसऱ्या ग्रुपचा आरडाओरडा तेवढाच राहतो, माणूस मात्र पुढे येतो. कितीही महागडा माइक पाच फुटांवर ठेवला तर त्याला हे जमणार नाही.

या माइकच्या पिनेची एक गोष्ट नवख्या माणसाने आधीच समजून घ्यावी. मोबाइलसाठीच्या ३.५ मिलिमीटर पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतात, कॅमेऱ्यासाठीच्या पिनेवर दोन. चुकीच्या जागी चुकीची पिन खोचली तर बऱ्याचदा काहीच रेकॉर्ड होत नाही किंवा उपकरण आपलाच अंगचा माइक वापरत राहतं, आणि ते घरी आल्यावर कळतं. या माइकच्या डबीवर मोबाइल आणि कॅमेरा अशी कळ आहे, कॅमेऱ्याला लावायचा तर आतला एलआर४४ हा बटण-सेल लागतो. आणि आजकालच्या मोबाइलना गोल छिद्रच नसतं, त्यामुळे टाइप-सीचा जोड वेगळा घ्यावा लागतो. मी पुण्यातल्या तापकीर गल्लीतून दोन जोड आणले, एक चालला, एक नाही. दुकानदार भला माणूस, त्याने तिथेच माझ्या मोबाइलला लावून, बोलून, ऐकवून दुसरा बदलून दिला. तेव्हापासून अशी वस्तू मी दुकानात लावून बघितल्याशिवाय घेत नाही.

वायर सहा मीटरची होती. बसून मुलाखत घ्यायला उत्तम, चालताना मात्र करवंदीच्या जाळीत अडकायची. म्हणून बिनतारी संच बघायला लागले.

बिनतारी माइक बघताना दुकानात पहिल्यांदा पल्ला सांगतात, दोनशे मीटर, अडीचशे मीटर. तो पल्ला मधे काहीही नसताना मोजलेला असतो. हे माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि माणसाचं शरीर, म्हणजे बरंचसं पाणीच, त्या लहरी शोषून घेतं. छातीला माइक लावलेला माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून चालायला लागला की पंधरा-वीस मीटरवरसुद्धा आवाज तुटू शकतो. गडावर तर माणसं पुढे चालत चालत, दगडांमागे वळत बोलतात. त्यामुळे पल्ल्यापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती सोय म्हणजे माइकच्या आतच होणारं रेकॉर्डिंग. लहर तुटली तरी माइकच्या पोटात सगळं शाबूत. रोड कंपनीच्या वायरलेस गो २ मध्ये ते आहे, डीजेआयच्या माइक २ मध्येही आहे. मी दुसरा घेतला, कारण त्याचं आतलं रेकॉर्डिंग ३२-बिट फ्लोटमध्ये होतं. म्हणजे कुणी एकदम हळू बोललं किंवा मधेच खाली वाडीकडे बघून जोरात हाक मारली, तरी आवाज फाटत नाही आणि नंतर जोडणी करताना पातळी वरखाली करता येते. गावाकडची माणसं बोलता बोलता हाका मारतातच. ‘हाका मारू नका’ असं त्यांना सांगणं मला कधीच जमलं नसतं, आणि सांगूही नये.

आता वाऱ्याबद्दल. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचा मला आनंद आहे. माइकवर येणारी काळी स्पंजची टोपी ‘प’ आणि ‘फ’चे फटके अडवते, वाऱ्याला ती पुरत नाही. वाऱ्यासाठी केसाळ टोपी लागते. लांब केस वाऱ्याचा जोर मोडतात आणि आत माइकभोवती थोडी स्थिर हवा राहते. हे वाचलेलं होतं, पण माझ्या वाऱ्यात करून बघायचं होतं. म्हणून एका सकाळी सुवेळा माचीवर गेले. तिथे कातळाला आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला, आणि त्यातून वारा असा येतो की टोपी हातात धरून बसावं लागतं. तिथे बसून मी एक ते दहा आकडे चार वेळा म्हटले. उघडा माइक, स्पंज लावून, केसाळ टोपी लावून, आणि केसाळ टोपी लावून वाऱ्याकडे पाठ करून. पहिल्यात फक्त ‘चार’ आणि ‘सात’ ओळखता आले. दुसऱ्यात निम्मे. तिसऱ्यात सगळे आकडे स्पष्ट, मागे एक घुमारा. चौथ्यात घुमारासुद्धा इतका दूर गेला की तो हवाच होता. गडावर बसलोय असं वाटायला तेवढा वारा ऐकू यावा. माणसाला वाऱ्याकडे पाठ करून बसवायला एक पैसा लागत नाही. जानेवारीत मावशींना मी बरोबर उलटं बसवलं होतं, मागे संजीवनी माची छान दिसत होती म्हणून.

आपल्या पूर्वजांनी आवाजाचा केवढा विचार केला होता हे रायगडावर कळतं. नगारखान्याच्या दाराशी हळू बोललं तरी सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतं. वारा कमी असलेल्या एका सकाळी मी आणि मैत्रिणीने ते करून बघितलं आणि दोघींच्या अंगावर काटा आला.

कॅमेरा निवडायला मग दोनच महिने लागले. आधी भाड्याने घेऊन बघायचं ठरवलं आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन. पुण्यात कॅमेरे दिवसाच्या भाड्याने सहज मिळतात. सोनीचा झेडव्ही-ई१० घेऊन कोरीगडला गेले. मोठा एपीएस-सी सेन्सर, बाजूला उघडणारा पडदा, चेहऱ्यावर झटपट फोकस. चित्राच्या बाबतीत मोबाइलच्या पुष्कळ पुढे. पण त्याच्या अंगात हात हलल्याचा धक्का शोषणारी यंत्रणा नाही. ते काम तो चित्राच्या कडा कापून करतो. सोबतची १६-५० लेन्स, त्यात कडा कापलेल्या, आणि हात लांब करून स्वतःला टिपायला गेलं की पडद्यावर नुसता चेहरा, तटबंदी कुठेच नाही. रुंद लेन्स वेगळी घ्यायची, चालताना कॅमेरा स्थिर धरणारा गिम्बल वेगळा, म्हणजे पुन्हा वजन आणि पुन्हा पैसे. एका जागी बसून बोलणाऱ्या, स्वयंपाकाचे किंवा शिकवण्याचे व्हिडिओ करणाऱ्या माणसाला मी हाच घे म्हणेन. माझं काम वेगळं आहे.

ॲक्शन कॅमेऱ्याचाही विचार केला. गोप्रो पाण्यात दहा मीटरपर्यंत चालतो, आपल्या पावसाळ्यात याहून मोठा गुण नाही. पण मी बोलते त्या माणसांची घरं अंधारी असतात, चुलीच्या उजेडात बसून गप्पा होतात, आणि इतक्या छोट्या सेन्सरला तिथे दाणेदार चित्र येतं.

शेवटी डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ ठरला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, एक इंचाचा सेन्सर, अंगातच तीन अक्षांचा गिम्बल, वजन १७९ ग्रॅम. मुठीत मावतो. आणि निर्णय ज्याने झाला ती गोष्ट म्हणजे माझ्याकडे असलेला माइक त्याला रिसीव्हरशिवाय थेट जोडला जातो. म्हणजे कॅमेरा एका अर्थी माइकनेच निवडला. पाण्याला तो चालत नाही, त्यामुळे भर पावसात मी मोबाइलच वापरते. ही तडजोड मी डोळे उघडे ठेवून केली आहे.

माइकचा संच घेऊन उरलेल्या पैशांत नवा येत नव्हता. मुंबईला फोर्टात बोरा बाजार आहे, सीएसएमटीहून चालत जाता येतं, कॅमेऱ्यांची दुकानं लागोपाठ. तिथे वापरलेला पण बिलासकट मिळाला. घेताना अर्धा तास तिथेच उभी राहिले. सुरू केल्यावर क्षितिजरेषा सरळ राहते का, हात फिरवला तर मोटर घरघरते का, काचेवर टॉर्च मारून आत बुरशीची जाळी दिसते का. बॅटरी अंगातच असल्याने ती किती चालते हे महत्त्वाचं, म्हणून वीस मिनिटं सलग ४ केमध्ये चित्रीकरण करून टक्के किती उतरतात ते पाहिलं. दुकानदाराने मधे चहा मागवला.

एवढी काळजी घेऊन फसले ती मेमरी कार्डात. एका दुकानातून १२८ जीबीचं कार्ड घेतलं, पाकीट अगदी अस्सल दिसत होतं. पहिल्या तीस-बत्तीस जीबीनंतरच्या सगळ्या फाइल उघडेनात. आत जागाच तेवढी होती, बाकी नुसता आकडा. एका धनगर काकांच्या वाड्यावरची संध्याकाळ त्यात गेली. दुकानदाराने हात वर केले. आता कार्ड नवं आणलं की आधी संगणकावर काठोकाठ भरून, परत वाचून बघते, मगच पिशवीत टाकते. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असावं, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी लिहिण्याची हमी. १०० एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट किंवा साडेबारा एमबीने, चित्रीकरण केलं तर ६४ जीबीत साधारण ८५ मिनिटं बसतात, हा हिशेब करूनच गडावर निघावं.

आणखी एक बारीकशी पण कामाची गोष्ट. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. मोबाइल आणि कॅमेरे बऱ्याचदा सेकंदाला ३० चौकटींवर लावलेले येतात. पायथ्याच्या एका खानावळीत ट्यूबलाइटखाली मी तसंच चित्रीकरण केलं आणि भिंतीवर काळे पट्टे वर सरकताना दिसले. २५ चौकटी आणि शटर १/५० केलं की पट्टे जातात. मग बाहेर उन्हात तेच शटर ठेवायचं तर चित्र पांढरंफटक होतं, म्हणून काचेवर काळसर एनडी फिल्टर. तो चुंबकाने चिकटणारा घेतला, चढणीवर एका हाताने लावता येतो. आणि पावसाळ्यात घरी सगळं साहित्य सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात. आपल्या दमट हवेत बुरशीला पंधरा दिवस पुरतात.

नोव्हेंबरात पुन्हा राजगडावर गेले. मावशी तिथेच, पद्मावतीच्या देवळाजवळ. मी त्यांना तटाच्या आडोशाला, वाऱ्याकडे पाठ करून बसवलं. माइक लावताना थोडा प्रश्न आला. पदराला लावला तर पदर सरकताना खसखस येते आणि वजनाने तो ओघळतो. माइकच्या मागे चुंबक आहे, तो चोळीच्या काठाआड सरकवून माइक बाहेरून चिकटवला. पदर त्यावरून काढून दुसऱ्या खांद्याकडे घेतला. बांगड्या मात्र किणकिणत राहिल्या, त्या राहू दिल्या. पंधरा सेकंद बोलून घेऊन ऐकलं, सगळं ठीक होतं. आता हे मी प्रत्येक वेळी करते, माणूस कितीही घाईत असला तरी.

“मावशी, मागच्या खेपेला सासूबाईंचं सांगत होता ना, ते पुन्हा सांगाल?”

“मागच्या खेपंचं?” त्यांनी थोडा वेळ आठवून बघितलं. “काय सांगितलं व्हतं म्या? आता नाय गं ध्येनात पोरी. त्या दिशी आलं तोंडात.”

मग त्यांनी दुसरंच सांगितलं, एका वर्षी पावसात वाट खचली आणि चार दिवस कुणी वर आलं नाही त्याचं. सुंदर सांगितलं. जानेवारीतलं मात्र गेलंच.

झाल्यावर मी मोबाइलला हेडफोन लावून त्यांच्या कानावर ठेवला. त्या एकदम गप्प झाल्या. मग हाताने हेडफोन कानाशी आणखी दाबून धरला.

“ह्यो माजा आवाज हाय व्हय? माजी आय अशीच बोलायची.”

ताकाचे दोन ग्लास गिऱ्हाइकांना देऊन परत येऊन त्या म्हणाल्या, “जात्यावरचं म्हणते मी. आयकडनं शिकलेलं. पर हितं नको, हितं वारा लई. घरी ये.”

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या खेड्यांमधून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या काही बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. मला माझ्या ओळखीच्या एका मावशींच्या तरी नीट टिपायच्या आहेत. येत्या रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरलंय. घर पत्र्याचं आहे, भिंतींना गिलावा आहे, आवाज घुमणार. म्हणून सॅकमध्ये दोन गोधड्या घेतल्या आहेत, एक मागच्या भिंतीला टांगायला, एक जात्याखाली घालायला. एक माइक मावशींना आणि दुसरा जात्यापासून हातभर लांब, त्याची घरघर वेगळी हवी. दोन्ही माइक चार्जिंगला लावलेत.